रघोजीराव मामा आणि हवा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. रघोजीराव मामांचा मुरघास मी नासवला.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. कुंभकोणमजवळ तिरुवलंचुळीला एकटेच राहतात. त्यांचं वैर एकाच गोष्टीशी, हवेशी. आमच्याकडे आले की आधी स्वयंपाकघरात शिरून डब्यांची झाकणं घट्ट करायचे. कुणाचा संसार मोडो, कुणाची भाऊबंदकी पेटो, निदान एकच: "हवा शिरली." बायको चिडून म्हणायची, "मग खिडक्याही लावू का, मामा?"

"लाव गे. काय बिघडते?"

कारण त्यांची गाय. उन्हाळ्यात हिरवा चारा मिळत नाही, म्हणून दाणे दुधात असतानाच मामा मका कापत, बारीक कुट्टी करत, मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत थरावर थर पायांनी तुडवत आणि तोंड बांधून पंचेचाळीस दिवस मुरवत. हाच मुरघास; आत हवा शिरली की सगळा बुरसतो. गाईशी ते तमिळ बोलत. पिशवीशी मात्र आमची तंजावरी मराठी. गाय अंगणातली, मुरघास माजघरातला. थोपटून विचारत, "मुरतोस की नाही रे?"

गेल्या वर्षी ते दोन दिवस पापनाशमला लग्नाला गेले आणि गाय माझ्यावर सोपवली. गवत आणायला स्कूटर काढायचा मला कंटाळा आला. मी मुरत ठेवलेली पिशवी सोडली, दोन टोपल्या काढल्या, पुन्हा गाठ मारली. माझ्या मते घट्ट.

पिशवी उघडायच्या दिवशी मामांनी शेजाऱ्यांना बोलावलं होतं. आत काळा, बुरसलेला लगदा. आम्हा मराठ्यांना इथे रायर म्हणतात; शेजारचा मुरुगेसन म्हणाला, "काय रायर, हवा शिरली?" सगळे हसले. मीही हसलो.

मामा आपल्या पायांकडे बघत राहिले. "माझे तुडवणे कमी पडिले. पायांत वजन नाही आता."

गाय उपाशी राहू नये म्हणून ऐन उन्हाळ्यात त्यांनी ती तिरुभुवनमच्या एका घरी देऊन टाकली. बसस्टँडवर गेले की अजून वजनकाट्यावर चढून बघतात.

परवा म्हणाले, "पहाटे जाग येते रे. उठून करू काय? तुडवताना तू होतास. खरे सांग, मी कुठे कमी पडलो?"

"वय झालं, मामा," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि माझ्यासाठी कॉफी ठेवली.

मी त्यांना एक उत्तर देणं लागतो. तुम्ही कुठेच कमी पडला नाहीत, गाठ मी सोडली होती. ते अजून दिलेलं नाही.