तेरा नंबरच्या चक्कीवरचा खून

नऊ वर्षांत समुद्रावर गेलेल्या माणसांचा माझा आकडा एकदाही चुकलेला नाही! सकाळी बोटीवर जितकी डोकी चढतात, संध्याकाळी तितकीच उतरतात. मधल्या वेळात कोण कुठल्या पवनचक्कीवर आहे, हे मी पडद्याकडे न बघता सांगते. माझा नवरा म्हणतो, "इंगेलिस, तू मेंढ्या मोजायला बसलीस तर मेंढ्यांनाच झोप लागेल."

म्हणूनच त्या गुरुवारी मी निर्धास्त होते. मुख्य कचेरीने श्री. डेकेमा नावाचे हॉलंडचे तपासनीस पाठवले होते. बंदरावरची आमची नियंत्रण-खोली इथेच ठेवायची की कोपनहेगनला हलवायची, हे ते एका दिवसात ठरवणार होते. हलवली, तर आम्ही पाचही जण घरी! डेकेमा उंच, किडकिडीत आणि इतके गप्प, की त्यांच्याशेजारी मीसुद्धा बडबडी वाटत होते.

"आज समुद्रावर कामाला किती जण?" त्यांनी विचारलं.

"सात!" मी ताठ मानेने सांगितलं. "सगळे तेरा नंबरच्या चक्कीवर."

त्यांनी तुकडीने भरून दिलेली नावं-वजनांची यादी उचलली, सावकाश वाचली, शेवटच्या ओळीशी जरा थांबले आणि घडी घालून ती खिशात ठेवली.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. चक्कीवर कुणीतरी बहुधा रेडिओच्या बटणावरच बसलं होतं! तुकडीचा मुकादम वर्नर याचा आवाज खोलीभर घुमला, "धरा त्या दालगॉरला! थोरकिल, आधी गळा काप! अरे, नीट आडवा काप!"

मग एक किंकाळी. एक कसली, सहा! आणि मग कुणीतरी समाधानाने म्हणालं, "आतून मऊ आहे रे."

डेकेमांचा कॉफीचा कप ओठांशी थांबला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थोरकिल आज पन्नास वर्षांचा झाला होता! आमच्याकडे डेन्मार्कात वाढदिवसाला माणसाच्या आकाराचा केक आणतात. ज्याचा वाढदिवस त्याने आधी गळा कापायचा आणि बाकीच्यांनी जीव जातोय असं ओरडायचं. पण गेल्या वर्षी केकचं क्रीम विजेच्या कपाटात गेलं आणि एक चक्की दोन दिवस बंद पडली. तेव्हापासून समुद्रावर केक न्यायला मी बंदी घातली होती. म्हणून या लबाडांनी केकला माणूस म्हणून यादीत चढवलं होतं. दालगॉर हे आमच्या बेकरीवाल्याचं आडनाव!

आता काय सांगू? केक आहे म्हटलं, तर माझा आकडा खोटा. गप्प बसले, तर खून!

"सराव आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. "अपघाताचा."

"असं?" डेकेमांनी खुर्ची ओढली. "मग चालू द्या पुढे."

मी रेडिओ उचलला. "वर्नर, जखमीची स्थिती कळव."

"कोण जखमी?"

"दालगॉर!" मी दात आवळून म्हणाले.

पलीकडे कुजबुज झाली. "मेलो! कळलं हिला."

मग वर्नर अगदी खालच्या पट्टीत बोलला, "इंगेलिस, दोन्ही पाय गेले. डावा हात थोरकिलने खा... म्हणजे, थोरकिलकडे आहे."

"रक्तस्राव?"

"होता थोडा. चाटून थांबवलाय."

डेकेमा वहीत लिहीत होते. "हेलिकॉप्टर नाही बोलावणार?"

"आज वारा फार..."

"बाहेर झेंडा लोंबतोय," ते म्हणाले.

हेलिकॉप्टर बोलावलं की खरंच येतं हो! "जखमीला बोटीने आणा," मी हुकूम सोडला. "स्ट्रेचरवर! आहे तसा!"

"म्हणजे उरलाय तेवढाच ना?" वर्नरने विचारलं.

दीड तासाने बोट धक्क्याला लागली. सहा धिप्पाड माणसं मान खाली घालून स्ट्रेचर घेऊन उतरली. स्ट्रेचरवर लाइफ जॅकेट, चारही पट्टे घट्ट आवळलेले, वर हेल्मेट. हेल्मेटखाली एक गोल, गुलाबी डोकं आणि लिकोरिसच्या काळ्या गोळ्यांचे दोन डोळे! तो चेहरा माझ्याकडे बघून हसत होता.

मला पुढे खोटं बोलवेना.

"श्री. डेकेमा, सराव वगैरे काही नव्हता. हा केक आहे. आणि माझा आकडा चुकला."

"चूक आमची आहे," वर्नर मध्येच म्हणाला. "पण वजन खरं लिहिलं होतं हं! क्रेनवर चढवायच्या कशाचंही वजन खोटं लिहायचं नाही, हे तूच शिकवलंस."

डेकेमांनी खिशातून यादी काढली आणि वाचली, "दालगॉर. वजन चार किलो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सकाळीच पाहिलं मी. माझी बायको इथलीच, ओदेन्सची आहे. अकरा वर्षं दर वाढदिवसाला ओरडतोय." आणि त्यांनी एक डोळा उचलून तोंडात टाकला.

"मग हेलिकॉप्टरचं कशाला विचारलंत?"

"तुम्ही कुठपर्यंत जाता, ते बघत होतो."

सोमवारी अहवाल आला. खोली इथेच राहणार! एका हुकमावर अर्धा खाल्लेला केक स्ट्रेचरला बांधून तीस किलोमीटर आणणारी माणसं ज्या खोलीचं ऐकतात, ती खोली हलवू नये, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली एकच त्रुटी होती: "गळा कापला जात असताना व्यवस्थापक ओरडल्या नाहीत. पंधरा दिवसांत सुधारणा करावी."

मुदतीचे चार दिवस उरलेत. रोज कामावरून आले की मी खिडक्या लावून, डोळे मिटून, सगळा जोर लावून ओरडते.

काल नवरा स्वयंपाकघरातून डोकावला. म्हणाला, "काही म्हणालीस का?"