बिनहेल्मेटची कबड्डी

मंगळवारी सकाळी मैदानावर रविकांत सरांनी डोक्यावरची टोपी काढली, जमिनीवर आपटली आणि तिच्यावर दोन्ही पायांनी नाचले, तेव्हा कबड्डीच्या पोरांना वाटलं, टोपीत मुंगळा शिरला असावा. संघाचा कप्तान भीमराज मदतीला धावला. त्यानं टोपी उचलून झटकली, आतून-बाहेरून नीट बघितली आणि सरांच्या हातात दिली.

"सर, काय न्हाई त्यात. घाला निवांत."

"अरे, मी चिडलोय!" सर ओरडले.

"कुनावर?"

हे मात्र सरांनी ठरवलं नव्हतं. बिचाऱ्यांना चिडायची सवय कुठे होती? संगमनेरच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते खेळ शिकवत, पण एखादं पोरगं पडलं की गुडघा त्याचा फुटायचा आणि कळवळायचे हे. "हळू रे, लागेल" हे त्यांचं पेटंट वाक्य. आता कबड्डीच्या संघाला "हळू रे, लागेल" म्हणणारा मार्गदर्शक लाभल्यावर दुसरं काय होणार! संघ दरवर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत जायचा आणि तिथे हळूच हरून यायचा.

म्हणूनच संस्थेचे अध्यक्ष गोरक्षनाथ अण्णा यांनी त्यांना बंगल्यावर बोलावलं होतं. अण्णांचे जावई अमेरिकेत. सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी तिकडच्या फुटबॉलची एक व्हिडिओ कॅसेट आणली होती.

"सर," अण्णा म्हणाले, "जावईबापू सांगत हुते, तिकडं संघ हरला की खेळाडू बदलत न्हाईत, कोच बदलत्यात. कोचची पद्धत बदलली की संघाचं नशीब बदलतं. तवा ही कॅसेट बघा आन् पद्धत बदला. न्हाईतर आमी तुमाला बदलतो. खर्ड्याच्या शाखेला खेळाचा मास्तर पायजेच हाय."

खर्डा म्हटल्यावर सरांनी घाईघाईनं कॅसेट हातात घेतली. तसं खर्ड्याचं काही वाईट नव्हतं हो. गाव चांगलं, किल्ला चांगला, माणसंही चांगली. पण खर्ड्याच्या जवळ जामखेड आणि जामखेडात तात्या. तात्या म्हणजे सरांचे सासरे, निवृत्त मुख्याध्यापक. लग्नाच्या पंगतीत जावयानं श्लोक म्हटला तेव्हा बाकीचे वऱ्हाडी "वा वा" म्हणाले, आणि तात्यांनी त्याचा अर्थ विचारला. तोही मुद्देसूद. तेव्हापासून सर दिवाळीला सासुरवाडीला जात ते तोंडी परीक्षेला बसावं तसे. खर्ड्याला बदली झाली तर तात्या दर रविवारी येणार, हे काय सांगायला हवं?

तर सरांनी अण्णांच्या बंगल्यावर बसून ती कॅसेट पाहिली. पाहिली म्हणजे काय, डोळे फाडून पाहिली, पण कळेल तर शपथ! नाव फुटबॉल, आणि चेंडूला पाय लावायचं नाव नाही. चेंडू हातात, तोही गोल नाही. चार पावलं धावायचं, एकमेकांच्या अंगावर पडायचं आणि पुन्हा घोळका करून कुजबुजत बसायचं. बऱ्याच वेळानं सरांच्या लक्षात आलं की पकडायचं, पाडायचं आणि रेषेसाठी जीव टाकायचा, एवढाच मामला आहे. म्हणजे ही आपली कबड्डीच की, फक्त हेल्मेट घातलेली! मग त्यांना जरा धीर आला.

कॅसेटमध्ये कोच दोन होते. एक लाल तोंडाचा, सतत ओरडणारा, टोपी आपटणारा. त्याचा संघ जिंकत होता. दुसरा दगडासारखा गप्प, च्युइंगम चघळणारा, नुसत्या हातांच्या खुणा करणारा. त्याचाही संघ जिंकतच होता. आता यातलं घ्यायचं कुणाचं? सरांचा पार गोंधळ उडाला. शेवटी त्यांनी दोघांचंही घ्यायचं ठरवलं, आळीपाळीनं.

मंगळवारी टोपी झाली. बुधवारी सर मैदानावर आले ते तोंडात बडीशेप धरून, एक अक्षर न बोलता. पोरं हादरली. भीमराज आणि त्याचा जोडीदार कानिफनाथ तडक सरांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी सरोजिनीकाकू अंगणात पापड वाळत घालत होत्या.

"काकू, सरांना काय झालंय? काल लई बोलले, आज बोलंनातच."

"काही नाही रे," काकू म्हणाल्या. "अमेरिकेचं आहे ते. काल ओरडायचा दिवस होता, आज गप्प बसायचा."

"आन् उद्या?"

"उद्या पुन्हा ओरडणार. कापूस घालून या कानात."

तेव्हापासून पोरांना चांगलीच सोय झाली. सराव सुरू व्हायच्या आधी एकानं काकूंकडे डोकावून यायचं. काकू निवांत असल्या तर काळजी नाही, आपला नेहमीसारखा खेळ खेळायचा. काकूंच्या कपाळाला आठी असली तर जरा जपून. सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, पद्धत लागू पडतेय.

सामना जवळ आल्यावर सरांनी गप्प कोचाच्या खुणा आणल्या, आणि इथेच घोड्यानं पेंड खाल्ली. विरोधकांना कळू नये म्हणून त्यांनी खुणा अगदी साध्या, रोजच्या ठेवल्या. डोक्याला हात लावला की चढाई सोडून मागं फिरायचं. रुमालानं तोंड पुसलं की बिनधास्त आत घुसायचं. आणि दोन्ही हात जोडले की सातही जणांनी एकदम झेप घेऊन पकड करायची.

"कुणाला संशय यायचा नाही," सर खुशीत म्हणाले. "लोकांना वाटेल, मी नमस्कार करतोय."

अंतिम सामना पारनेरला होता. पोरं टेम्पोत, सर-काकू एसटीनं आणि अण्णा जीपनं. काकूंनी हट्टानं यायचं ठरवलं तेव्हा सरांना भरून आलं. बदली होणार म्हणून हिचाही जीव टांगणीला लागलाय, असं त्यांना वाटलं. काकू बायकांच्या बाजूला पहिल्या सतरंजीवर जाऊन बसल्या.

आता आपल्याकडचा सामना म्हणजे नुसता सामना असतो का? मंडप होता, माईक होता, पाहुणे होते, आणि पाहुणे वेळेवर यायची पद्धत नव्हती. समोरच्या संघाचा गडी चढाईला येऊन मध्यरेषा ओलांडतो न ओलांडतो तोच सरांच्या मागून आवाज आला, "नमस्कार सर!" पंचायत समितीचे कोणीतरी होते. समोरच्यानं हात जोडल्यावर आपण न जोडणं म्हणजे काय उद्धटपणा! सरांनी वळून दोन्ही हात जोडले, आणि संगमनेरच्या सातही जणांनी एकदम झेप घेतली. तो गडी अजून रेषेपाशीच होता. त्यानं तिघांना पायानं शिवलं आणि हसत हसत आपल्या हद्दीत परत गेला.

"अरे, आत्ता नाही!" सर कळवळले आणि त्यांनी डोक्याला हात लावला. तोवर कानिफनाथची चढाई सुरू झाली होती. तो छान आत घुसला होता, पण सरांचा हात पाहून तसाच उलट पावली परत आला.

पुढे काय विचारता! एक पाहुणा गेला की दुसरा यायचा. सरांचे जुने सहकारी भेटले, नमस्कार. मुख्याध्यापक भेटले, नमस्कार. ऊन वाढलं, घाम आला, सरांनी तोंड पुसलं आणि भीमराज बिनधास्त चौघांच्या तावडीत घुसला. त्याला पाडलेलं पाहून सरांचा हात डोक्याला गेला आणि पुढची चढाई जागच्या जागी फिरली. मध्यंतरापर्यंत संगमनेरवर लोण चढला होता आणि मंडपातून अण्णा सरांकडे असे बघत होते की सरांना खर्ड्याचा किल्ला बुरुजांसकट दिसायला लागला.

"सर," भीमराज धापा टाकत म्हणाला, "नेमकं करायचं काय आमी?"

"माझ्याकडे बघा! फक्त माझ्याकडे बघा!" सर म्हणाले.

तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला, "संगमनेरच्या क्रीडाशिक्षकांचा सत्कार होत आहे." नाही म्हणायची सोय नव्हती. सरांना फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. सर परत आले तेव्हा दुसरा डाव सुरू झाला होता. फेटा बांधणाऱ्यानं घाईत बांधलेला, तो सारखा डोळ्यांवर यायचा. सर एका हातानं नारळ सांभाळत आणि दुसऱ्यानं फेटा वर सारत. म्हणजे डोक्याला हात, डोक्याला हात आणि पुन्हा डोक्याला हात. देवा रे! आता सगळी पोरं माघारी फिरणार, म्हणून सरांनी डोळेच मिटून घेतले.

पण टाळ्या पडल्या. सरांनी एक डोळा उघडला. भीमराज दोन गडी मारून परत येत होता. त्यांनी हात डोक्यावरून काढला, पुन्हा ठेवला, पोरांवर काडीचा परिणाम नाही. पोरं खेळत होती, आणि काय खेळत होती! बरोबरी झाली, उलटा लोण चढला आणि शेवटची शिट्टी वाजली तेव्हा संगमनेर जिंकलं होतं. सरांना काही म्हणजे काही कळेना. तरी अण्णांनी येऊन मिठी मारली तेव्हा ते घसा खाकरून म्हणाले, "अमेरिकन पद्धतीत पहिल्या डावात विरोधकाला गाफील ठेवतात."

"कसली अमेरिका, सर!" कानिफनाथ मध्येच बोलला. "तुमी लई हालत हुता. काय कळंना, म्हनून आमी काकूंकडं बघितलं. काकू डोळे मिटून अशा निवांत बसलेल्या! म्हटलं, मग काय बिघडलेलं न्हाई. आपलं नेहमीचं खेळायचं."

अण्णा सरांकडे बघत राहिले, मग काकूंकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, "वयनी, आता सरांची बदली कॅन्सल. तुमी संगमनेरातनं हलायचंच न्हाई. पुढच्या वर्षीबी याच जागंवर बसायचं."

काकूंचा चेहरा पडला, पण तो सरांना एसटीत बसल्यावर दिसला.

"अगं, जिंकलो आपण! बदली टळली! आणि सामना चालू असताना तू डोळे मिटून काय करत होतीस? स्तोत्र म्हणत होतीस ना?"

"हो," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तुम्ही हरावं म्हणून."

"काय?"

"मग काय! इतक्या वर्षांत माहेराजवळ राहायची एकदा संधी आली होती. तात्या एकटे असतात तिकडे. तुम्हाला कधी सुचलं का विचारायचं, मला खर्डा हवंय की नकोय ते?"

खरंच, विचारलं नव्हतं. सरांना आतून फार ओशाळल्यासारखं झालं आणि संगमनेर येईपर्यंत त्यांनी काकूंची पिशवी स्वतःच्या मांडीवर धरून ठेवली.

दिवेलागणीला दोघं घरी पोचली तर दाराचं कुलूप निघालेलं, आत दिवा लागलेला. ओट्यावर एक ट्रंक होती, वळकटी होती आणि दोरीची दोन बंडलं होती. शेजारच्या मनकर्णाबाईंकडून किल्ली घेऊन तात्या आरामखुर्चीत बसले होते.

"तात्या! तुम्ही?" सरांनी नारळ सावरत विचारलं.

"सामान बांधायला आलो होतो," तात्या म्हणाले. "तुम्ही हरणार हे गृहीतच धरलं होतं. सरूनं पत्रात कळवलं होतं तसं. तिकडचं घर मी भाड्यानं दिलं. म्हटलं, खर्ड्याला तुमच्यातच राहू. मघाशी टेम्पोतली पोरं सांगून गेली, बदली टळली म्हणून. आता तुम्ही इथेच, तर मीही इथेच."

काकूंचा चेहरा असा काही फुलला की त्या पायातल्या चपला न काढताच चहा टाकायला आत धावल्या. सर दारातच उभे राहिले, डोक्यावर फेटा, हातात नारळ.

"जिंकलात म्हणे," तात्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "का जिंकलात? मुद्देसूद सांगा."

सरांनी फेटा वर सारला. "नक्की सांगता येत नाही, तात्या."

"वाटलंच मला," तात्या म्हणाले. "उद्या सकाळपासून मी मैदानावर येत जाईन."