बुलडोजरची खांदमळणी

शेवटचे दोन फर्लांग उरले होते, पोळा परवावर आला होता, आणि जाफरच्या बुलडोजरने तिसऱ्यांदा पाणी सोडलं.

जाफर खाली उतरला आणि बेंबळी गावच्या रस्त्यावर उकिडवा बसून टाकीतून गळणाऱ्या धारेकडे बघत राहिला. सव्विसावा रोजा होता. पहाटेपासून त्याच्या घशाखाली थेंब गेला नव्हता, आणि हे यंत्र त्याच्यासमोर घागरभर पाणी मातीत सांडत होतं.

यंत्र लढाईतलं. ब्रह्मदेशात तीन वर्षं चिखल खाऊन झाल्यावर ते लिलावातून निजाम सरकारच्या पदरी पडलं होतं. आणि जाफर? फौजेत आपण असलीच यंत्रं हाकली, असं त्याने छाती पुढे काढून सांगितलं होतं. खरं तर फौजेत तो ती धूत असे. पण धुता धुता माणूस बघतोच की सगळं, अशी तो मनाची समजूत घाली, आणि गेले बारा दिवस तेवढ्या समजुतीवर बेंबळीचा रस्ता सपाट होत चालला होता. पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा त्याने विहिरीवरच्या जुन्या मोटेचं चामडं कापून नवा घातला. एक खिळा सापडेना, तिथे बाभळीची खुंटी ठोकली. पावसाने दहा दिवस दडी मारली होती म्हणून बरं, नाहीतर काळ्या मातीत हे धूड खुंटीसकट रुतून बसलं असतं.

"जाफर, बसलायस काय?" छत्रीखालून गुरुसिद्धप्पा ओरडला. हा मुरुम गावचा माणूस, रस्त्याच्या कामावरचा ओव्हरसियर. "पोळ्यादिवशी जिल्ह्याचे तालुकदारसाहेब येणार. साहेबांची मोटार चावडीपर्यंत आली, तर तुझी नोकरी मुस्तकिल. न्हाय आली, तर ईदेला घरी जा आणि मग घरीच ऱ्हा!"

मुस्तकिल, म्हणजे कायम! त्या एका शब्दासाठी जाफर उन्हात भाजून निघत होता. घरी, तेर गावात, बायको कुलसुमबी वाट बघत होती. निघताना तिने बजावलं होतं, "सात नोकऱ्या झाल्या तुमच्या. आता आठवी कायमची असंल तरच सांगा, उगंच मोहल्ल्यात मिरवू नका." ईदेला जाऊन तिला काय सांगायचं, याच विचाराने त्याचा जीव अर्धा झाला होता.

त्याने खिशातून पुडी काढली आणि मूठभर हळद टाकीत ओतली.

शेजारच्या बांधावर धोंडीबा बसला होता. रस्त्याला लागूनच त्याचं शेत. बारा दिवस तो शेत सोडून या यंत्राचीच राखण करत होता म्हणा ना. जाफरने कुठली कळ ओढली, हँडल किती वेळा मारलं, सगळं त्याला तोंडपाठ झालं होतं.

"हळद कशाला वो, जाफरभाई?"

"टाकीला भेग हाय, काका. हळद फुगून बसती भेगेत, पाणी थांबतं."

"गुण येतो?"

"येतो की."

धोंडीबाचा चेहरा उजळला. "म्हंजे बैलाचीच जात की ह्याची! आमच्या सर्ज्याचा खांदा सुजला तर आमी बी हळदच भरतो."

जाफर वैतागलेला होता. "बैलच समजा, काका. वीस बैलांचं काम करतो एकला."

हे वाक्य त्याने गिळलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण रोज्यात माणूस गिळणार तरी किती?

दुसरा दिवस मात्र झकास गेला. हळदीने पाणी धरलं, यंत्र कुरकुर न करता चाललं. दिवस कलेपर्यंत जाफरने शेवटचे दोन फर्लांग खोलवर उखणून काढले. आता सकाळी दोन तास पातं फिरवलं की ती माती सपाट, मोटार चावडीत आणि नोकरी मुस्तकिल. पण सूर्य टेकला होता. तापलेलं यंत्र तिथेच उभं करून तो रोजा सोडायला मशिदीकडे गेला. तेरा दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चालण्यात जरा ऐट होती.

तो गेला आणि धोंडीबा बांधावरून खाली उतरला.

त्या संध्याकाळी गावात घरोघर खांदमळणी चालली होती. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळायची, आणि बैलाच्या कानात 'आज आवतण घ्या, उद्या जेवाया या' असं सांगायचं. सर्ज्याचे खांदे मळून झाले तसं धोंडीबाच्या मनात आलं, गावाचा रस्ता ज्याने केला तो वीस बैलांचा एक बैल तिकडे उघड्यावर उपाशी उभा आहे. त्याचं कोण करणार? बिचारा परगावचा!

धोंडीबाच्या बायकोने, द्वारकाबाईने, यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडाला हळद चोळली. आवतण दिलं. आता तेल पाजायचं राहिलं. बैलाला पाजतात तशी वेळूची नळी धोंडीबाने घेतली. तोंड कुठलं? वर उभ्या धुराड्यातून श्वास येतो, म्हणजे घासही तिथूनच जाणार. तेल कुठलं? बैलाला साधं चालतं; पण याच्या पोटात मोटेचं चामडं आहे, आणि मोटेला मानवतं ते रोगण. करडईचं तेल कढवून कढवून गुळाच्या पाकासारखं केलेलं, चामड्याला चोपडायचं. घरात मडकंभर होतं. त्यातलं अर्धं धोंडीबाने नळीनळीने, पाठीवरून हात फिरवत, त्या तापलेल्या धुराड्यात पाजलं.

सकाळी जाफरने हँडल मारलं. ते हललं नाही. दोन्ही हातांनी लोंबकळला, तरी नाही. त्याने झाकणं उघडली तेव्हा आतल्या सगळ्या झडपा खरवसासारख्या गोठून जागच्या जागी चिकटल्या होत्या.

"पिला बरं का सगळं," मागून धोंडीबाचा आवाज आला. "एक थेंब सांडला न्हाय."

"काय पिला?"

"रोगण! काल खांदमळणी न्हवती का?"

जाफरने एकदा धोंडीबाकडे बघितलं, एकदा उखणलेल्या रस्त्याकडे. कालपर्यंत तिथून निदान बैलगाडी जात होती. आता ते नांगरलेलं रान झालं होतं.

"काका," तो एवढंच म्हणाला, "तुम्ही मला मारून टाकलं." आणि पात्याला टेकून, लहान लेकरासारखा तो रडायला लागला. धोंडीबाला काय करावं कळेना. ज्याच्या भल्यासाठी केलं त्याचंच वाटोळं झालं, हे त्याला फार लागलं.

द्वारकाबाईपर्यंत मात्र हे काही पोचलं नव्हतं. ती बायकांना घेऊन आली. पात्यावर झूल पडली, धुराड्याला बाशिंग चढलं, दोन्ही दांड्यांना शिंगांसारखा लाल हिंगूळ लागला. गुरुसिद्धप्पा धावत आला आणि ते दृश्य बघून छत्री उघडायचीही विसरला.

"अय्यय्यो! जाफर, चालू कर!"

"होत न्हाय, साहेब."

"मग माणसं लाव, फावडी आण!"

पण सणाच्या दिवशी फावडं धरायला कोण येणार? दुपार ढळली आणि लांबून मोटारीचा भोंगा ऐकू आला. साडेपाच मैल ती लोण्यावरून आल्यासारखी आली. शेवटच्या दोन फर्लांगांत शिरली आणि दहा पावलांवर मडगार्डापर्यंत बसली.

"बैल आणा!" गुरुसिद्धप्पा गावकऱ्यांवर ओरडला. "दोन जोड्या! सरकारी हुकूम हाय!"

कुणी जागचं हललं नाही. शेवटी धोंडीबाच पुढे झाला. "साहेब, माझ्या मानेवर जू ठेवा, मी वढतो. पर पोळ्याला बैल जुपायचा न्हाय. हुकूम निजामाचा असला तरी न्हाय."

तालुकदारसाहेब मोटारीतून उतरले. त्यांचाही रोजा होता. पांढरी शेरवानी, चकचकीत बूट, आणि पुढे दोन फर्लांग ढेकळं. ते चालत निघाले. बाशिंग बांधलेल्या बुलडोजरपाशी पोचले तेव्हा शेरवानी मातीच्या रंगाची झाली होती. द्वारकाबाईने त्याच वेळी पात्यापुढे पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

आठवी नोकरी गेली, हे जाफरला स्वच्छ दिसत होतं. गुरुसिद्धप्पालाही स्वतःची दिसत असावी, कारण तोच भडाभडा बोलला, "हुजूर, पोळा आहे. आज... आज ह्यालाही सुट्टी दिली आहे."

साहेबांनी झडपांतलं रोगण बोटाने चाचपलं. बोट चिकटलं. रुमालाने पुसलं, तर रुमाल चिकटला. मग ते चावडीवर जाऊन बसले, गावाची विचारपूस केली, आणि सूर्य मावळल्यावर धोंडीबाच्याच घरची पुरणपोळी खाऊन त्यांनी रोजा सोडला. बहुधा त्या पोळीचाच गुण, त्यांनी कुणावर आवाज चढवला नाही. हुकूम तेवढा लिहवून घेतला. यंत्र दुरुस्त होईल त्या दिवशी हैदराबादला परत पाठवावं. तिथे चालवणारे पुष्कळ आहेत. तोवर सरकारी माल बेवारस पडू नये, म्हणून जाफरने त्याची राखण करावी. यंत्र बंद आहे तोपर्यंत त्याची नोकरी मुस्तकिल.

गुरुसिद्धप्पाने हुकूम दोनदा वाचून दाखवला तेव्हा कुठे जाफरच्या डोक्यात उजेड पडला. झडपा तर अशा चिकटल्या होत्या की हैदराबादचा बाप आला तरी सुटल्या नसत्या. मुस्तकिल! कुलसुमबीला ईदेला काय सांगायचं ते घोकत तो मशिदीत आडवा झाला, आणि चौदा दिवसांत पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागली.

पहाटे सहेरी आटोपून तो बाहेर आला आणि दारातच थबकला. रस्त्याच्या बाजूने आवाज येत होता. ढग् ढग् ढग् ढग्.

तो अनवाणी धावला. बुलडोजर चालू होता. धुराड्यावरचं बाशिंग काळं होऊन थरथरत होतं, आणि शेजारी धोंडीबा नखशिखांत रॉकेलने माखून उभा होता. हातात तीच वेळूची नळी.

"सुटलं, जाफरभाई! हाताला रोगण चिकटलं तर आमी रॉकेलनंच सोडवतो. म्हनलं हितं बी सुटंल. महिन्याचं कंट्रोलचं सगळं रॉकेल वतलं. रातभर एकेक झडप हलवली, आन् हँडल तर काय, इतके दिस बघतोयच." त्याचे डोळे भरून आले होते. "तुमची नोकरी म्या घालवली, म्याच परत दिली. आता घरी सांगा बिनघोर."

इतकं गोड ते यंत्र कधीच चाललं नव्हतं. आवाजात खोट नाही, टाकीतून थेंब नाही. ऐकता ऐकता जाफरने चावडीकडे बघितलं. गुरुसिद्धप्पा तिथे अजून घोरत असावा. पण किती वेळ?

तो पुढे झाला. कळ ओढून यंत्र बंद केलं. मग धोंडीबाच्या खांद्यावर हात ठेवून, आवाज खाली आणून त्याने विचारलं,

"काका, काल पोळा झाला, म्हंजे आज कर ना?"

"व्हय."

"करीला बैल जुपतात?"

"छ्या! करीला बी न्हाय जुपत."

"मग पळा," जाफर म्हणाला. "मडक्यात अर्धं रोगण शिल्लक असंल, ते घेऊन या. हा अजून गरम हाय."