शब्दसंबंध आणि गाऱ्हाणं

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. शब्दसंबंध शिकवावेत ते आम्हीच! रविवारचं शब्दकोडं मी पेनाने सोडवतो, पेन्सिलीने नाही. खोडून खोडून कधीकधी कागद फाटतो, ती गोष्ट वेगळी.

आमची तन्वी पाचवीत. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसायचं तिने स्वतःच ठरवलं, कारण त्या शाळेत मोठी दुर्बीण आहे आणि पोरांना शनीची कडी दाखवतात, असं तिला कुठूनसं कळलं होतं. तेव्हापासून पोरगी शनीच्या नावाने जेवायची आणि शनीच्या नावाने झोपायची. गणित चोख, भाषा बरी. घोडं अडलं ते शब्दसंबंधांशी. 'पक्षी : घरटे, तर घोडा : काय?' असले प्रश्न. चार पर्याय, त्यातला एक निवडायचा. तन्वी नेमका चुकीचा निवडायची.

"काळजी करू नको," मी म्हटलं. "भात घरात आलंय, काजूला अजून अवकाश आहे. मी रिकामाच आहे."

"ता काय सांगूक होया?" आमची सौभाग्यवती सुगंधा आतून बोलली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर वर्ग सुरू झाला. विद्यार्थी दोन. एक तन्वी आणि दुसरा शेजारचा ओमकार, गावकर गणपतदादांचा नातू. तोही परीक्षेला बसणार होता. मी पुस्तक उघडलं. पहिलाच प्रश्न, 'एस्किमो : इग्लू.'

"काका, इग्लू म्हंजे?" ओमकार.

"बर्फाचं घर."

"म्हंजे मासळीची पेटी?"

मी पुस्तक मिटलं. आमच्या पोरांना बर्फ ठाऊक तो बांगड्यांखालचा! त्यांना इग्लू काय कळणार? मग माझ्या डोक्यात कल्पना आली. शब्दसंबंध आपल्याच गावातले घालायचे! पोरांना रोज दिसणारी माणसं, रोजची उदाहरणं. शिक्षणशास्त्र म्हणतात ते याला.

"हं, सांगा. गाय : गोठा, तर आई : ?"

"स्वयंपाकघर!" तन्वी एका दमात म्हणाली. पहिल्यांदा बरोबर! मी खूश झालो. तेवढ्यात सुगंधा हातात डाव घेऊन बाहेर आली.

"म्हंजे मी गाय?"

"अगं, तसं नाही! संबंध फक्त राहण्याच्या जागेचा आहे!"

"बरा. पण गाय रांधता काय?"

"नाही."

"मग आज गाय रांधूची नाय."

त्या दिवशी पेज मी केली. ती खाली लागली. लोणचं मात्र चांगलं होतं.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी पुढचे दोन शब्दसंबंध घरी पाठ करायला दिले. 'कोंबडा : आरवणे, तर परशुराम बुवा : भजन.' आणि 'मांजर : दूध, तर गणपतदादा : दुसऱ्याघरचा चहा.' आता यात खोटं काय आहे? बुवा आमच्या वाडीतले भजनी, पहाटेच गळा काढतात. गणपतदादा मोठा मानाचा माणूस, पण सकाळी घरातून निघाले की चार घरचा चहा प्यायल्याशिवाय परतत नाहीत. अख्खी वाडी जाणते. फक्त कुणी तोंडावर बोलत नाही.

ओमकार बोलला. पोर गुणी, गृहपाठ कधी चुकवत नाही. आजोबांना शोधत तो गेला कुठे? परशुराम बुवांच्या घरी. आजोबा तिथे काय करत होते? चहा पीत होते!

"आजोबा, माका शब्दसंबंध इचारा मा!"

"तूच इचार," गणपतदादा ऐटीत म्हणाले. "मी सांगतंय उत्तर."

"मांजर, दूध. तर गणपतदादा?"

"मान!" दादांनी मिशीवरून हात फिरवला. "मांजराक दूध, तसो गणपताक मान!"

"चूक! दुसऱ्याघरचो चाय!"

परशुराम बुवा म्हणे एवढे हसले, एवढे हसले, की खांबाला धरून बसले. त्यांचं हसणं ओसरायच्या आत ओमकारने कोंबड्याचा शब्दसंबंधही म्हणून दाखवला.

संध्याकाळी गणपतदादांचा मुलगा अजय आमच्या दारात. वाडीतला एकुलता एक प्रवासी टेम्पो त्यांचाच. रविवारी परीक्षेला कुडाळला जायचं ते त्याच टेम्पोने, असं ठरलेलं होतं.

"गुरुदासभाऊ, तन्वीक टेम्पोत जागा नाय."

"अरे, पण तू ओमकारला घेऊन जाणारच आहेस ना?"

"व्हय. पण बाकीची जागा भरली. मांजराक दूध आणूक जावचा आसा."

गेला की तरातरा!

आता आली का पंचाईत? रविवारी एस.टी. आमच्या वाडीत वळत नाही. दत्तारामची रिक्षा गॅरेजात उघडून पडलेली. दुचाकी मला चालवता येते, पण थांबवता येत नाही, त्यामुळे सुगंधा पोरीला माझ्यामागे बसू देत नाही. तन्वी भांडली नाही, ओरडली नाही. दप्तर भरून ठेवलं होतं ते तिने उघडलं, पट्टी-पेन्सिल काढून परत कपाटात ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. गावभर विनोद केले मी आणि शिक्षा झाली पोरीला!

"जावा, पाय धरा दादांचे," सुगंधा म्हणाली.

पाय धरीन तर मी गुरुदास कसला? मी डोकं चालवलं. परीक्षा असो, लग्न असो, नवी होडी असो, आमच्याकडे आदल्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घालतात. आपण नारळ ठेवायचा, आपलं मागणं सांगायचं आणि मानाच्या गावकराने ते देवापुढे बोलायचं. प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. मानाचा गावकर कोण? गणपतदादा! नारळ पुढे आला की त्यांना नाही म्हणता येत नाही. आणि देवापुढे बोललेलं मोडता येत नाही. सापडला की नाही मासा जाळ्यात?

शनिवारी देवळात सगळी वाडी जमली. मी सर्वांसमक्ष नारळ ठेवला. "दादा, तन्वीला उद्या टेम्पोत जागा मिळू दे, एवढंच गाऱ्हाणं घाला."

दादांनी नारळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि हसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"ह्यो तुझो लेकरू गुरुदास तुझ्या पायाकडे इलो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जसो बेडूक डबक्यात, तसो ह्यो ओट्यार म्हाराजा!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पण रीत ती रीत. "व्हय म्हाराजा!" अख्खी वाडी म्हणाली. त्यात मीही होतो! जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेलं.

"जसो सुको नारळ खुळखुळता, तसा ह्येचा डोक्या खुळखुळता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" परशुराम बुवांनी तर सूर लावला.

"ह्येची बायल म्हणून सोसता, दुसरी आसती तर पळान गेली आसती म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" हा आवाज सर्वांत मोठा. सुगंधाचा.

मान खाली घालून मी उभा. शेवटी दादांचा आवाज एकदम मऊ झाला. "पण ह्येचा चेडू तन्वी गुणाचा आसा म्हाराजा. तेका टेम्पोत फुडची सीट गावांदे, पेपर बरो जावंदे आणि बापाशीच्या अकलेपासून तेका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मी मनापासून म्हटलं. तन्वी हसत होती. तेवढं पुरे होतं.

रविवारी ती पुढच्या सीटवर बसून कुडाळला गेली. ओमकारबरोबर गणपतदादाही आले. मी मागे, स्टेपनीवर. पेपर सुटल्यावर पोरगी उड्या मारतच बाहेर आली.

"शब्दसंबंध?" मी धीर करून विचारलं.

"सगळे बरोबर!"

मी छाती फुगवून गणपतदादांकडे वळलो. "बघितलंत? शिकवण्याची पद्धत!"

"व्हय बाबा," तन्वी म्हणाली. "डोळे मिटून इचार केलंय, ह्या प्रश्नाक बाबा खंयचा उत्तर लिवतले? ता पयला खोडलंय. मगे तीनच उरले. सोपा झाला."

निकाल लागलाय. तन्वीचं नाव यादीत आहे. लोक विचारतात, क्लास कुणाचा? मी छातीठोकपणे माझंच नाव सांगतो. खोटं काय आहे त्यात? मी नसतो, तर पोरीने खोडलं काय असतं?