कोबीवरचा दगड

"एल्म फोर्क टाउनशिपमध्ये पहिलं घर बांधलं ते गेरहार्ट ओल्टमन यांनी." पुस्तिकेचं हे पहिलं वाक्य लुएलाबाईंचं सकाळपासून चारदा मोठ्याने वाचून झालं होतं आणि चारही वेळा ते त्यांना आवडलं होतं. गेरहार्ट हे त्यांचे सख्खे पणजोबा आणि ते पहिलं घर म्हणजे त्या बसल्या होत्या तेच. दुसरं वाक्य असं होतं: "त्यानंतर अकरा दिवसांनी नूडसन कुटुंब आलं." त्यातला 'अकरा' त्यांनी ठळक अक्षरांत घातला होता. शेजारच्या आर्लो नूडसनला चष्म्याशिवायही तो दिसावा, एवढाच हेतू.

रविवारी टाउनशिपची, म्हणजे शेतीवाडीच्या त्या चौकोनी पंचक्रोशीची, दीडशे वर्षं साजरी व्हायची होती. सभागृहात घरोघरचे पदार्थ, मग सगळी मंडळी ट्रॅक्टरवरून लुएलाबाईंच्या अंगणात, आणि तिथे 'पहिलं घर' अशा पितळी पाटीचं अनावरण. पाटी येऊन सोफ्यावर पडली होती, पुस्तिका उद्या छापखान्यात द्यायची होती. एवढ्यावर थांबायला काही हरकत नव्हती. पण एकोणतीस वर्षं टाउनशिपचं चिटणीसपद सांभाळलेल्या माणसाला नीटनेटकेपणाचा रोग जडतो. टाउनशिपच्या कोपऱ्याचा, हद्दीचा मूळ दगड आपल्या टपालपेटीजवळ रस्त्याखाली पुरलेला आहे, असं सगळे सांगत. तो उकरून रविवारी लोकांना दाखवावा म्हणून लुएलाबाईंनी स्वतः फोन करून मोजणीवाल्या ब्रेनाला बोलावलं. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, फक्त इथे धोंडा आधी शोधायचा होता.

सव्वाअकरा वाजता ब्रेना स्वयंपाकघरात आली. बुटांना चिखल आणि काखेत पहिल्या मोजणीच्या वहीची नक्कल.

"टपालपेटीजवळ दगड नाही," ती म्हणाली.

"खोल खणलंस का?"

"खणलं. पण बाई, वहीप्रमाणे तो तिथे कधी नव्हताच. तो इकडे, पूर्वेला. तुमच्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या पलीकडे, ओढ्यापासून साठ पावलांवर. तीनशे फुटांचा फरक आहे."

"मग तिथे खण."

"तिथेही खणलं. नाही."

"मग बिघडलं कुठे?"

ब्रेनाने खिडकीतून आधी टपालपेटीकडे पाहिलं, मग खुराड्याकडे पाहिलं आणि मग दोन्हींच्या मधे येणाऱ्या स्वयंपाकघराच्या फरशीकडे पाहिलं. "बिघडलं एवढंच, की हद्द खुराड्यापाशी असेल तर हे घर एल्म फोर्कमध्ये नाही. होल्कममध्ये आहे."

रुबार्बच्या आंबट देठांची वडी खात बसलेल्या व्हर्लिनना, म्हणजे लुएलाबाईंच्या यजमानांना, जोराचा ठसका लागला. ते मूळचे शेजारच्या होल्कम टाउनशिपचे. लग्नानंतर या घरी घरजावई म्हणून आले आणि अठ्ठेचाळीस वर्षं 'हद्दीपलीकडचा' म्हणून टोमणे खात राहिले.

"म्हणजे मी घर सोडलंच नव्हतं!" ते म्हणाले. "अगं, तूच सासरी नांदतेयस!"

"अहो, तुम्ही वडी खा."

पण लुएलाबाई मनात हिशेब मांडू लागल्या होत्या. होल्कमच्या बाईला एल्म फोर्कची चिटणीस होता येत नाही. मग एकोणतीस वर्षं त्या सह्या कुणी केल्या? त्या सह्यांनी मिटलेली कुंपणांची भांडणं आता परत उभी राहणार की काय? शिवाय टाउनशिपच्या स्मशानात जागा फक्त रहिवाशांना. तिथे आई-बाबा होते, आणि त्यांच्याशेजारी लुएला आणि व्हर्लिन अशी नावं कोरलेला दगडही उभा होता. त्यावर फक्त शेवटची एकेक तारीख घालायची राहिली होती.

"मग मेल्यावर मी जायचं कुठे?" त्यांनी ब्रेनाला विचारलं.

"ते आमच्याकडे येत नाही, बाई."

"आणि आई-बाबांना हलवावं लागेल?"

"तुझ्या आईला कोण हलवणार?" व्हर्लिन म्हणाले. "जिवंतपणी ती कुणाला हलली नाही."

एल्म फोर्कमध्ये बातमी पायी फिरत नाही, पिकअपमधून फिरते. अर्ध्या तासात आर्लो नूडसन मागच्या दाराने, न विचारता, थेट टेबलाशी येऊन उभा राहिला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा चेहरा एवढा उजळलेला लुएलाबाईंनी पाहिला नव्हता.

"अकरा दिवस!" तो म्हणाला. "अगं लुएला, शाळेत अकरा, चर्चमध्ये अकरा, माझ्या लग्नातसुद्धा तुझ्या बापाने भाषणात अकरा दिवस काढले. आता बोल! पहिले आम्हीच ना? पाटी कुठाय, गाडीत टाकतो. आणि माझं ते कुंपण चार फूट मागे घ्यायला लावलंस ना, तेही उद्या पुढे घेतो."

"बस तरी आधी. जेवायची वेळ झालीय."

बाराच्या ठोक्याला घरात असलेल्या माणसाला जेवू घालायचं, मग तो वैरी का असेना, ही रीत हद्दीच्या दोन्ही बाजूंना सारखीच होती. लुएलाबाईंनी चार ताटं मांडली. पाटीकडे मात्र त्यांना बघवेना.

"पण नक्की काय झालंय?" आर्लोने ब्रेनाला विचारलं. "कागदावर कधी येणार?"

"अजून नक्की काहीच नाही," ब्रेना म्हणाली. "मूळ दगड सापडला, तर तो कुणीतरी हलवलाय हे सिद्ध होतं. मग वहीतली जागा खरी. नाही सापडला, तर दीडशे वर्षं सगळे मानत आले तीच हद्द कायम. आज मी तसंच लिहून देईन."

"आणि तो दिसतो कसा?"

"पावाएवढा, चुनखडीचा. टाउनशिपच्या कोपऱ्याचा म्हणून चारही कडांना सहा-सहा खाचा."

बटाटे वाढणारा लुएलाबाईंचा हात हवेतच राहिला. "कोबी आणते," त्या म्हणाल्या आणि तळघराच्या जिन्याकडे वळल्या.

तळघरात रांजणात मीठ लावलेला कोबी आंबत होता. त्यावर एक उलटं ताट आणि ताटावर दाबायला दगड. चार पिढ्या तो दगड तिथेच होता. त्यावरच्या खाचा पणजीने पाडल्या असं घरात सांगत: एका बाजूला सहा मुलं, दुसऱ्या बाजूला सहा सुना-जावई, उरलेल्या दोन बाजूंना बारा नातवंडं. नातवंडं खरं म्हणजे तेरा होती, पण तेराव्याचा विषय कुणी काढत नसे. लुएलाबाईंनी दगड उचलून खिडकीपाशी नेला आणि मोजला. चोवीस.

पणजोबांनी दगड उपटून हद्द का सरकवावी, हा प्रश्न त्यांना फार वेळ पडला नाही. होल्कममधलं पहिलं घर व्हर्लिनच्या पणजोबांचं. तिथे गेरहार्ट दुसरे ठरले असते, आणि दुसरं येणं ओल्टमनांच्या रक्तात नाही, हे लुएलाबाईंना स्वतःवरून ठाऊक होतं. त्यांना रडू आलं. दगड मुकाट्याने ठेवून द्यावा, असंही मनात आलं. पण एकोणतीस वर्षं इतरांच्या हद्दी ठरवलेल्या बाईला ते जमेना.

"रांजण उचलू लागू का?" जिन्यावरून आर्लोचा आवाज आला आणि पाठोपाठ आर्लो. त्याने दगड पाहिला. मग लुएलाबाईंचे डोळे पाहिले.

"घे," त्या म्हणाल्या. "तुझा पणजोबा पहिला. मी वर जाऊन सांगते ब्रेनाला. खोटं मी छापणार नाही."

आर्लोने दगड दोन्ही हातांत घेतला. त्याला हसू आवरेना.

"आणि सोमवारपासून दप्तर तुझ्याकडे," लुएलाबाईंनी डोळे पुसले.

"कसलं दप्तर?"

"चिटणीसाचं. मी होल्कमची झाले ना. उपचिटणीस तूच आहेस."

"मी? कधीपासून?"

"चार वर्षांपूर्वी तू सभेला आला नव्हतास, म्हणून एकमताने तुलाच निवडलं."

आर्लोचं हसू जरा आखडलं. "काम काय असतं?"

"फार नाही. स्मशानाचा नकाशा, त्यात दोन माणसं एकाच जागेत दाखवलीयत, त्यांच्या घरच्यांशी बोलायचं. मोकाट कुत्री. बर्फ पडला की पहाटे पाचला, रस्ता साफ करा म्हणून, त्या हॅरिएटचा फोन येतो, तो घ्यायचा, ती तासभर बोलते. कुंपणांची भांडणं. पहिलं तुझंच, म्हणजे दोन्ही बाजू तूच ऐकायच्या. आणि ही पुस्तिका उद्या सकाळपर्यंत नव्याने लिहायची."

"दुसरं कुणी?"

"सगळ्यांना विचारून झालंय. दरवर्षी विचारते."

आर्लोने दगड तोंडाजवळ नेऊन वास घेतला, आणि एकेका खाचेवरून अंगठा फिरवला.

"सहा मुलं," तो सावकाश म्हणाला, "सहा सुना-जावई, बारा नातवंडं. तुझ्या आजीने मला लहानपणी दाखवला होता की! हा कोबीचा दगड आहे, लुएला." त्याने तो ताटावर होता तसा ठेवला आणि वरून दोनदा दाबून पाहिला. "अजून तीन आठवडे हलवू नकोस. कोबी बिघडेल."

"आर्लो, पण खरं काय ते..."

"माझं एकच म्हणणं आहे. तो अकरा जरा बारीक अक्षरांत घाल."

वर ब्रेनाने दोनदा कोबी वाढून घेतला, मागच्या वर्षीचा, बरणीतला, आणि 'दगड सापडला नाही' असं लिहून सही केली. जाताना तिने एवढ्या चवीचं कारण विचारलं. "वजन बरोबर लागतं," व्हर्लिन म्हणाले. त्यांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, हे लुएलाबाईंनी विचारलं नाही.

दुपारी त्या पुस्तिका घेऊन बसल्या. 'अकरा' बारीक केला. पहिल्या वाक्यावर मात्र पेन्सिल अडली. खोटं छापायचं नव्हतं आणि खरं कुणाला नको होतं. शेवटी पहिलं वाक्य तसंच ठेवून त्यांनी त्याच्यापुढे आणखी दोन घातली, आणि रविवारी पाटीवरचा पडदा बाजूला झाल्यावर आर्लोने तीच सगळ्यांना खणखणीत आवाजात वाचून दाखवली: "ते आले तेव्हा त्यांच्यासोबत बायको, दोन बैल आणि एक दगड एवढंच होतं. त्यातला दगड त्यांनी फार लांबून आणला नव्हता."