पुढच्या सीटचा खटका

बारशाच्या दिवशी सकाळी दहा वाजता हितेंद्र गिरगावातल्या सासुरवाडीच्या दारात घामाघूम होऊन उभा होता. त्याच्या हातात बाळाची सीट होती आणि समोर वडिलांची गाडी होती. दोन्हींत मोठं काय, हे नीट सांगता येत नव्हतं.

"अप्पा, आत जात नाहीये."

"वाकडी कर."

"केली."

"मग उलटी कर."

"उलटी करून कसं चालेल? आत बाळ बसणार आहे ना!"

ती सीट हितेंद्रने परळच्या एका मोठ्या दुकानातून आणली होती आणि ती मोठ्या गाडीसाठीच होती. मोठी गाडी अजून यायची होती. आता घरात बाळ आलं, या एवढ्याशा गाडीत संसार मावत नाही, ही विकायची आणि मोठी घ्यायची, असं त्याने महिन्यापूर्वीच ठरवलं होतं. गिऱ्हाईकही मिळालं होतं. कॉटन ग्रीनचा अभिषेक नावाचा तरुण त्याच दिवशी दुपारी एक वाजता गाडी न्यायला येणार होता.

हे कळल्यावर अप्पा फक्त "बरं" म्हणाले होते. अप्पांच्या "बरं"चा नक्की अर्थ घरात फक्त हितेंद्रच्या आईला, वासंतीबाईंनाच कळायचा आणि त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते.

गाडी लिंबाच्या रंगाची होती. अप्पा रिटायर झाले तेव्हा रंग वासंतीबाईंनी पसंत केला होता. घोडपदेवच्या चाळीत सगळे तिला लिंबूच म्हणायचे. वासंतीबाई उंचीने कमी. पाय टेकावेत म्हणून त्या डावीकडची सीट अगदी पुढे घेऊन बसायच्या. ती सीट तशीच पुढे राहिली होती, कारण तिचा खटका अडकला होता. सहा फुटी हितेंद्र त्या सीटवर बसला की त्याचे गुडघे हनुवटीला लागायचे.

"अप्पा, मेकॅनिकला दाखवा ना एकदा."

"दाखवलं. पार्ट मिळत नाही."

हे संवाद दर रविवारी व्हायचे.

शेवटी बाळाची सीट बसली ती नेमकी त्या पुढे सरकलेल्या सीटच्या मागे. तेवढीच जागा गाडीत मोकळी होती. मध्ये अप्पांची थोरली बहीण शेवंतीआत्या बसली आणि उजवीकडे हितेंद्रची बायको अनुजा. सून आणि नात यांना सासरी न्यायला घरातलं बाईमाणूस हवं, म्हणून वासंतीबाईंच्या जागी आत्या आली होती. तिच्या मांडीवर ओटीची पिशवी होती, पिशवीवर कुंचीत गुंडाळलेला वरवंटा होता आणि तोंड मोकळं होतं.

"राजा, ही गाडी हा की डबो?"

"आक्का, पाय आत घे. दार लागत नाही," अप्पा म्हणाले.

हितेंद्रने बाळाच्या सीटचा पट्टा ओढून घट्ट केला. बाळ रडत होतं. ते तीन दिवस दिवसाउजेडी झोपलंच नव्हतं, त्यामुळे अनुजाही झोपली नव्हती. सव्वा महिन्याच्या त्या मुलीला पाळणा चालत नव्हता, खांदा चालत नव्हता, पाठीवर थोपटलेलं तर मुळीच चालत नव्हतं. अप्पांनी चावी फिरवली. लिंबू नेहमीप्रमाणे खाकरलं आणि चारी अंगांनी थरथरू लागलं. ऑपेरा हाऊस यायच्या आत बाळ गप्प झालं आणि मुंबई सेंट्रलला त्याने डोळे मिटले.

"झोपली!" अनुजा कुजबुजली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मग कोणी हलायचं नाही," हितेंद्र म्हणाला. तसंही कोणाला हलता येत नव्हतं.

घोडपदेवला चाळीच्या फाटकासमोर गाडी थांबली. सकाळी निघाले तेव्हा तिथे रस्ता होता. आता तिथे खड्डा होता. गटाराच्या कामासाठी फाटकापुढे आडवा चर खणून ठेवला होता आणि माणसांना जायला त्यावर एक फळी टाकली होती. मुहूर्त बारा वाजेपर्यंत होता. घड्याळात साडेअकरा झाले होते.

अप्पा इंजिन बंद करायला गेले. बाळाने एक डोळा उघडला. अप्पांनी हात मागे घेतला. डोळा मिटला.

"गाडी चालूच ठेवा, अप्पा," अनुजा हात जोडून म्हणाली. "पाया पडते. आत्ता उठली ना, तर दोन तास थांबणार नाही."

"मी तर उतरतंय," आत्या म्हणाली आणि उतरलीच नाही. "हितू, माझो पदर अडाकलो हा."

हितेंद्रने मागे वळून पाहिलं. घाईत त्याने पट्टा आत्याच्या पदरावरूनच ओढून बसवला होता. नऊवारीचा पदर बाळाच्या सीटखाली चेपला गेला होता. सोडवायचा तर पट्टा काढायला लागणार आणि पट्टा निघताना ठाण्ण करून आवाज होणार.

"आत्या, जरा वेळ बस अशीच."

"कितीसो वेळ?"

"बारसं होईपर्यंत."

चाळीच्या अंगणात पन्नास बायका नटून उभ्या होत्या. मध्ये फुलांनी सजवलेला पाळणा होता. हितेंद्रची बहीण प्रिती, म्हणजे बाळाची आत्या, धावत फळीवरून आली आणि ओरडली, "अगं, आणा ना तिला, किती उशी—"

"शूऽऽ!" गाडीतून चौघांनी एकदम केलं.

सगळी हकिकत कुजबुजत सांगण्यात आली. ती कुजबुजतच अंगणात गेली आणि वरच्या तिन्ही मजल्यांवर पोहोचली. नळाच्या पाण्यावरून रोज भांडणारी चाळ पहिल्यांदाच कुजबुजत होती. मग दौलत आला. तो चाळीच्या गोविंदा पथकात सगळ्यात खालच्या थरात मध्यभागी उभा राहायचा. त्याने गाडीकडे, चराकडे आणि शेवंतीआत्याकडे पाहिलं.

"अप्पा, सिंपल आहे. बाळ आत येत नाही ना? मग गाडी आत घेऊ."

"कशी?"

"उचलून. न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सोडा. आत कोण राहणार?"

"बाळ आणि आक्का. मी स्टिअरिंगवर."

दौलतने आत्याकडे पुन्हा पाहिलं आणि पोरांना हाक मारली, "अजून चार जण या रे!"

हितेंद्र आणि अनुजा हळूच उतरले. सोळा जण लागणार होते, पंधरा जमले. तेवढ्यात फाटकाजवळ हेल्मेट हातात धरून एक तरुण भांबावल्यासारखा उभा दिसला.

"ए भाऊ, रिकामा आहेस ना? मागचा डावा कोपरा धर," दौलत म्हणाला.

"अहो, मी गाडी बघायला—"

"बघ ना. जवळून बघ. धर आधी!"

पोरांनी श्वास ओढला. एरवी अशा वेळी होणारा गजर या वेळी फक्त ओठांनी झाला. लिंबू चालू इंजिनानिशी हवेत उचललं गेलं. मागच्या चौघांनी तेवढा धूर गिळला. अप्पा स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत होते. गाडी चालवत असल्यासारखी त्यांनी चरावरून जाताना सवयीने इंडिकेटरही दिला.

"हळू रे मेल्यांनो!" आत्या दात आवळून पुटपुटत होती. "मी काय गणपती आसंय?"

"गणपती हलका असतो, आत्या," दौलत खालून म्हणाला.

गाडी अंगणात, पाळण्याच्या शेजारी अलगद टेकवली गेली. बाळ झोपलेलं होतं. पन्नास बायकांनी आवाज न करता टाळ्या वाजवल्या.

मुहूर्ताला दहा मिनिटं उरली होती, म्हणून बारसं गाडीतच लावायचं ठरलं. पाळण्याची फुलं काढून आरशांना आणि दारांच्या मुठींना बांधली. पाळण्याखालून आणि वरून वरवंटा द्यायचा असतो, तो डाव्या खिडकीतून आत आणि उजव्या खिडकीतून बाहेर असा फिरला. प्रत्येक फेरीला तो शेवंतीआत्याच्या नाकासमोरून जात होता.

"माझ्या डोक्यावर पाडशात तर बघा!"

बायकांनी पाळणा म्हटला तोही कुजबुजत. वरून ऐकणाऱ्याला वाटलं असतं की गाडीत आजारी माणूस आहे आणि खाली मंत्र चाललेत.

मग प्रितीने डाव्या मागच्या खिडकीतून अर्धं अंग आत घातलं आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं, "कादंबरी." आता नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालण्याचा मान बायकांचा असतो. तेवढं कुजबुजत करता येत नाही. पहिला धपाटा बसताच प्रिती पुढे ढकलली गेली, तिचा हात अप्पांच्या मानेवर बसला आणि दचकलेल्या अप्पांचं कोपर हॉर्नवर पडलं.

लिंबाचा हॉर्न तेवढा ट्रकचा होता. वासंतीबाईंनी हट्टाने बसवून घेतलेला. आपण लहान आहोत, निदान आवाज तरी ऐकू जाऊ दे, असं त्या म्हणायच्या.

चाळीतली कबुतरं उडाली. कोणाच्या तरी हातातलं पेढ्यांचं ताट पडलं. सगळ्यांनी डोळे मिटून घेतले आणि रडण्याची वाट बघितली.

कादंबरीने झोपेतच ओठ चाटले आणि मान दुसरीकडे वळवली.

"म्हणजे," अनुजा सावकाश म्हणाली, "आपण अर्धा तास उगाच कुजबुजतोय?"

"मग पेट्रोल तरी कशाला जाळायचं? काटा लाल रेघेवर आलाय," असं म्हणून हितेंद्रने खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन बंद झालं. लिंबू थरथरायचं थांबलं.

कादंबरीने दोन्ही डोळे उघडले, अंगणभर जमलेल्या लोकांकडे पाहिलं आणि हॉर्नपेक्षा वरच्या पट्टीत सुरुवात केली.

पट्टा ठाण्णकन सुटला, बाळ बाहेर आलं, पदर सुटला, आत्याही बाहेर आली. ती दोन्ही हात कमरेवर ठेवून ताठ झाली आणि आधी जेवायला कुठे बसायचं ते विचारून निघून गेली. तेवढ्यात मागचा डावा कोपरा धरणारा तरुण शर्टाच्या बाहीने तोंड पुसत हितेंद्रकडे आला.

"मी अभिषेक. कॉटन ग्रीन. एकचं ठरलं होतं, पण जरा लवकरच आलो."

"अरे! सॉरी हं, तुम्हाला एकदम उचलायलाच लावलं."

"बरंच झालं. खालून पण बघितली. कुठे गंज नाही." तो खुशीत होता. "आणि पार्किंगला जागा नसली तर उचलून ठेवता येते. मला पसंत आहे. आतून बघू?"

हितेंद्रने मान डोलावली आणि बाळाची सुटी सीट मागे मधोमध सरकवली. अप्पा पाळण्याच्या सुटलेल्या फुलांची माळ हातात घेऊन तिची गाठ सोडवत उभे राहिले. ती गाठ सोडवायची काही गरज नव्हती.

अभिषेक डाव्या सीटवर बसला. त्याचे गुडघे हनुवटीला लागले.

"ती सीट तशीच आहे," हितेंद्र म्हणाला. "खटका अडकलाय. पार्ट मिळत नाही तिचा."

अभिषेकने खाली हात घालून खटका ओढला. सीट सुळ्ळकन मागे गेली. पुन्हा ओढला, पुढे आली. पुन्हा मागे. तिचा आवाजसुद्धा झाला नाही. कोणीतरी नेमाने तेल घालत असल्यासारखी ती सरकत होती.

"मस्त चालतोय की!" अभिषेक म्हणाला.

हितेंद्रने अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी माळेकडे पाहिलं. गाठ आणखी घट्ट झाली होती.

हितेंद्रने अनुजाच्या हातातून रडणारी कादंबरी घेतली, मागच्या दाराने बाळाच्या सीटमध्ये ठेवली, पट्टा या वेळी कोणाचा पदर नाही असं बघून लावला आणि चावी फिरवली. लिंबू थरथरलं. रडणं अर्ध्यावर तुटलं.

"अभिषेक, माफ करा," तो म्हणाला. "गाडी विकायची नाही."

"अहो, पण आत्ता तर—"

"बघताय ना. ही दुसरीकडे झोपत नाही."

"मग मला कशाला उचलायला लावली?"

"खरं आहे तुमचं. असं करा, जेवून जा. वडे आहेत, काळ्या वाटाण्यांची उसळ आहे, पुरणपोळी आहे."

अभिषेकने उतरून गाडीकडे पाहिलं, मग पंगतीकडे पाहिलं. पंगतीत दौलतने त्याच्यासाठी शेजारी जागा धरली होती. "अशी दुसरी कुठे मिळाली तर सांगा," म्हणत तो गेला.

अनुजा गाडीच्या बॉनेटला टेकून उभी होती आणि उभ्या उभ्याच तिचे डोळे मिटत होते. "वर जाऊन झोप," अप्पा तिला म्हणाले. "मी हिला फिरवून आणतो. आधी पेट्रोल भरतो, मग परळपर्यंत जाऊन येतो."

"तुम्ही जेवला नाहीत, अप्पा."

"आल्यावर जेवतो. सकाळपासून नव्हती, आता भूक लागलीय."

पोरांनी पुन्हा गाडी उचलून चराच्या पलीकडे ठेवली. या वेळी आत्या नसल्यामुळे दहा जण पुरले. अप्पा गिअर टाकणार एवढ्यात डावं दार उघडलं. हितेंद्र वाकला, त्याने खाली हात घालून खटका ओढला आणि मागे गेलेली सीट सरकवत सरकवत अगदी पुढे आणली. खट्ट झालं. मग तो अंगाची घडी घालून आत बसला आणि गुडघ्यांच्या मधून समोर बघू लागला.

गाडी पेट्रोलसाठी भायखळ्याच्या दिशेने निघाली. मागे कादंबरी झोपली होती.

"अप्पा," थोड्या वेळाने हितेंद्र म्हणाला, "या सीटचा खटका अडकलाय बरं का."

अप्पांनी आरशात बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं.

"सांगितलं ना तुला," ते म्हणाले. "पार्ट मिळत नाही."