साठेकाकांचं पातेलं

आमच्या शेजारच्या साठेकाकांच्या गाडीत फुकट जागा मिळे, पण मांडीवर पाण्याने गळ्यापर्यंत भरलेलं पातेलं घ्यावं लागे. रोज सकाळी, इंग्लंडातल्या रीडिंग गावापासून ब्रॅकनेलपर्यंत, ऑफिसच्या इस्त्रीच्या पँटवर.

"पाणी आळशी असतं," काका म्हणत. "बसलंय तर बसलेलं, निघालंय तर निघालेलं. गाडी थांबतेय हे त्याला कोण सांगणार? आधी कळवावं लागतं!" हे कळवणं म्हणजे सिग्नल दिसायच्या आधीच ब्रेकवर पाय. मागचे हॉर्न वाजवून दमत. इंग्रज माणसाला हॉर्न वाजवायला लावणं सोपं नाही. काकांना ते रोज जमे. वळण यायच्या आधीच बोलून रस्ता सांगणाऱ्या नव्या सॅटनॅव्हचं मात्र त्यांना भारी कौतुक. "बघ, या बाईला आधी कळवायची अक्कल आहे."

एकदा वैतागून मी पातेलं घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा काका पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "शुक्रवारी हिला हॉस्पिटलमधून घरी आणायचंय. मणक्याचं ऑपरेशन झालंय. सर्जन म्हणाला, नो जर्क्स, प्लीज." मी गुपचूप पातेलं घेतलं.

शुक्रवारी काकू मागच्या सीटवर, उशांच्या गराड्यात. पुढे मी आणि पातेलं. "तू फक्त पाण्याकडे बघ," काकांनी बजावलं. एकामागून एक राउंडअबाउटचे गोल चौक गेले. काकांच्या कपाळावर घाम आला होता आणि मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. अगदी घराजवळ आलो आणि गल्लीतून एक पांढरी व्हॅन न बघता समोर घुसली.

काकांनी करकचून ब्रेक दाबला. पाणी कुणाचं ऐकतंय! अर्धं डॅशबोर्डवर, उरलेलं माझ्या पँटवर. व्हॅनवाला हात हलवून सॉरी म्हणत निघूनही गेला.

काका मागे वळेनात. स्टिअरिंग सोडेनात.

"किती सांडलं?" त्यांनी मलाच विचारलं. मी मागे वळून पाहिलं.

"अहो," काकू म्हणाल्या, "बरी आहे मी. घट्ट धरून बसले होते."

"पण मी कळवलं कुठे?"

"ब्रेक लावायच्या आधी तुमची मान ताठ होते. लग्न झाल्यापासून बघतेय."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उरलेला रस्ता त्यांनी गोगलगायीच्या चालीने कापला. मागे गाड्यांची ही रांग लागली. रिकामं पातेलं मांडीवर घेऊन मी आरशात बघत होतो. कुणी हॉर्न वाजवलाच, तर ओल्या पँटनिशी खाली उतरून भांडायची माझी तयारी होती.